तिसरी खाच

सीताराम उतेकरच्या नावावर एक ग्रह आहे. सातबाऱ्यावर जमीन असते तसा नाही. त्या ग्रहाला धड नावही नाही, आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक आहे, आणि तो शोधणाऱ्यांच्या यादीत उतेकर सतरावा आहे. आधीच्या सोळा जणांना तो ग्रह दिसला तो उतेकरने बोट दाखवल्यावर, हे त्या सोळांनीच लिहून ठेवलं आहे. परक्या माणसांनी त्याच्याबद्दल एवढं लिहिलं. मी त्याच्यासोबत एका कारखान्यात बावीस वर्षं काढली, आणि त्याच्या बाजूने एक वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा माझी दातखीळ बसली होती. म्हणून हे आता लिहितो आहे, आणि स्वतःवर फार खूश होऊन लिहीत नाही.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रासायनिक कारखान्यात मी लॅबमध्ये केमिस्ट होतो आणि उतेकर पॅनेल ऑपरेटर. मूळचा पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणचा. आयटीआय करून खाली आला, बिरवाडीत एक खोली भाड्याने घेतली आणि बायको, आई वर गावातच ठेवली. उंच, किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. डब्यात बारा महिने तांदळाची भाकरी आणि सुकट. त्याला कुणी सहज विचारलं, "काय उतेकर, आज पाऊस पडेल का?" तर म्हणायचा, "पडला की सांगतो." यात थट्टा नसे. 'बहुतेक' हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही.

पॅनेल ऑपरेटरचं काम सोपं आणि कंटाळवाणं. रिॲक्टरमध्ये माल शिजत असतो, त्याचं तापमान पॅनेलरूममधल्या पडद्यावर रेघेने सरकत जातं, आणि दर अर्ध्या तासाला तो आकडा लॉगशीटवर लिहायचा. एका शिफ्टला सोळा आकडे. आता आमच्याकडची पद्धत सांगतो, आणि ती फक्त आमच्याकडचीच होती असं कुणी समजू नये. ही सोळाच्या सोळा रीडिंगं शिफ्ट सुरू होतानाच भरून टाकायची. सकाळी सात वाजता दुपारी तीनपर्यंतचे आकडे तयार. ऐंशी, ऐंशी, ऐंशी. अक्षर सुंदर, शीट स्वच्छ, तपासायला येणारा खूश. मॅनेजरला माहीत, आम्हाला माहीत, तपासणाऱ्यालाही माहीत.

उतेकर एकटा खरं लिहायचा. त्याच्या शीटवर एकोणऐंशी, त्र्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर असलं काहीबाही असे. एकदा मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं, "सगळ्यांचा रिॲक्टर ऐंशीवर चालतो, तुमचाच एकट्याचा का नाचतो?"

"रिॲक्टर तोच हाय साहेब," उतेकर म्हणाला. "त्यांचा ऐंशीवर कसा ऱ्हातो ते त्यांना इचारा. मी काटा सांगतो ते लिवतो."

त्याचे आणखी दोन नियम होते, आणि आम्ही त्यांची टिंगल करायचो. एखादा आकडा चुकला तर तो गिरवून काळा करायचा नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि एखादं रीडिंग वेळेवर घ्यायचं राहिलं तर मागच्या वेळेवर भरायचं नाही. त्यासमोर 'उशिरा नोंद' असं लिहून, लिहिताना घड्याळात जी वेळ असेल ती टाकायची आणि पुढे कारण. 'अडीचचे रीडिंग दोन पन्नासला. कारण: पंपापाशी होतो.' एकदा त्याने 'कारण: डुलकी' असंही लिहिलं होतं आणि त्यावर एक दिवसाचा पगार कापून घेतला होता. शिवाय रोज शिफ्ट संपली की सगळं शीट स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "शीट कंपनीचं हाय. बगितलं मी हाय."

असा माणूस ग्रहाच्या वाटेला कसा गेला, तेही या अर्ध्या तासामुळेच. पोलादपूरच्या एका दुकानातून त्याने मुलासाठी जुना लॅपटॉप घेतला होता. मुलगा मुंबईला नोकरीला गेला आणि लॅपटॉप बिरवाडीच्या खोलीत राहिला. कुठल्याशा व्हिडिओवरून त्याला कळलं की अवकाशात एक दुर्बीण होती, ती चार वर्षं आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून बसली होती, आणि तिथल्या दीडेक लाख ताऱ्यांचा उजेड किती, हे दर अर्ध्या तासाला नोंदवत होती. ती सगळी माहिती कुणालाही बघायला खुली आहे. ताऱ्यासमोरून ग्रह सरकला की उजेडाच्या रेघेत खाच पडते. संगणक अशा खाचा शोधतो, पण त्याला तीन लागतात. एकदोन खाचा दिसल्या तर तो सोडून देतो. त्या माणसांनी डोळ्यांनी शोधायच्या, हौसेने, फुकट.

मला त्याने हे सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरलो नाही. "साहेब, तिकडं पण अर्ध्या अर्ध्या तासाचं रीडिंग हाय. आनि कुणी आगाऊ भरलेलं नाय."

मग त्याची प्रत्येक सुट्टी त्यात जाऊ लागली. मी एकदोनदा दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. खिडकीला सतरंजी लावून अंधार केलेला, पडद्यावर ठिपक्यांची रेघ, आणि हा करंगळीचं नख पडद्याला न लावता त्या रेघेवरून नेतोय. तारे बघायला तो कधी बाहेर उभा राहिला नाही. त्याचा तारा नुसत्या डोळ्यांना दिसतच नव्हता. कारखान्यात वीस वर्षं रेघा वाचून त्याला एक गोष्ट अचूक कळत होती: यंत्राची खोड कुठली आणि खरोखर घडलेलं कुठलं. यंत्र बिघडलं की रेघ दचकते. खरं काही घडत असलं की रेघ सावकाश उतरते, तळाशी थांबते आणि उतरली तशीच सावकाश चढते.

अशी एक खाच त्याला एका ताऱ्यात सापडली, चार वर्षांच्या अगदी सुरुवातीला. छत्तीस रीडिंगं, म्हणजे अठरा तास. उजेड शंभरातला एक भाग कमी. मग नुसती सपाट रेघ आणि अगदी शेवटी, पावणेचार वर्षांनी, तश्शीच दुसरी. तेवढीच खोल, तेवढीच लांब. त्याने परदेशातल्या त्या लोकांना कळवलं. इंग्रजी पत्र मी लिहून दिलं. आठ दिवसांनी तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंचं उत्तर आलं, की हा गुरूएवढा वायूचा ग्रह असावा असं दिसतं, तुमची नजर चांगली आहे, पण खात्रीने म्हणायला तिसरी खाच प्रत्यक्ष पाहावी लागेल. ती दोन हजार वीसच्या पावसाळ्यात पडेल. उतेकरला 'असावा' हा शब्द फार आवडला. "शाणी बाय हाय," म्हणाला. "तिसरी खाच पडल्याबिगर कुणाला सांगू नका."

मी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणजे ज्याने दुसऱ्याचं नुकसान होईल ते राहत नाही. स्वतःचं नुकसान होईल असं पुष्कळ काही राहतं. त्या दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली आणि मी माइक हातात घेऊन जाहीर करून टाकलं, की आपल्या उतेकरने ग्रह शोधला. टाळ्या पडल्या. मॅनेजरने तिथल्या तिथे शाल मागवली, नारळ दिला. सत्काराला आपल्याकडे कारण लागतं, पुरावा लागत नाही. उतेकर शाल खांद्यावर घेऊन उभा होता आणि त्याचं तोंड दुखणाईतासारखं झालं होतं. माइक पुढे केला तर एवढंच म्हणाला, "अजून तिसरी खाच यायची हाय." लोकांना वाटलं, विनय.

बातमी कुडपणच्या मुंबईकर मंडळींच्या व्हॉट्सॲपवर गेली. कुणीतरी कड्यावाल्या शनीचं चित्र लावून 'कुडपणच्या सुपुत्राचा ग्रह' असं लिहिलं. उतेकरने खाली उत्तर टाकलं, "हा शनी हाय. माझ्याचा फोटू कुणाकडं नाय." त्यावर अठ्ठावीस जणांनी हात जोडले.

दिवाळीत मी त्याच्या गावी गेलो होतो. त्याची आई पंचाहत्तरीची, पाठीतून वाकलेली, नाचणी पाखडत बसली होती. तिने मला सरळ विचारलं, "तुमी तरी सांगा, त्या गिरावर जमीन किती हाय?"

"जमीन नाय गो आय," उतेकरच म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाय. नुसता वायू. खाली खाली गेलं तरी वायूच."

"मग काय पिकतं?"

"काय नाय पिकत."

"मग तू कशापायी बघत बसतोस?"

"तो हाय म्हणून." मग आईला समजावं म्हणून म्हणाला, तिथलं वर्ष आपल्या पावणेचार वर्षांचं, त्या हिशोबाने तू वीस वर्षांची. म्हातारी एवढी हसली की सूप बाजूला ठेवावं लागलं. सुनेला हाक मारून म्हणाली, "आयकलंस काय गो, माझं लगीन करायला काडलंय ह्यानं." त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

आता दत्ताचं सांगतो. दत्ता खाली रिॲक्टरपाशी उभा राहणारा ऑपरेटर. वरून उतेकर रेघ बघणार, फोन करणार, खाली दत्ता व्हॉल्व फिरवणार, अशी त्यांची बारा वर्षांची जोडी होती. चाळिशीचा, बोलका, घरी बायको आणि सहावीतली मुलगी ऋतुजा. पुढच्या मे महिन्यात, पहिल्या शिफ्टला, साडेबारानंतर उतेकरच्या पडद्यावरची रेघ चढायला लागली. रिॲक्टर थंड ठेवणारं पाणी कमी पडत होतं. त्याने शिफ्ट इंचार्जला फोन करून बॅच थांबवू का विचारलं. इंचार्जने मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला, आज माल निघायचाय, चालू ठेवा. उतेकरने दर अर्ध्या तासाचा आकडा लिहिला, फोन केल्याची वेळ लिहिली, मिळालेलं उत्तर लिहिलं. मग त्याने दत्ताला सांगितलं, सॅम्पल काढ आणि स्वतः लॅबला नेऊन दे. लॅबने लिहून दिलं की माल बिघडतोय, तर त्यांना थांबवावंच लागेल.

दत्ता आला. एक पंचावन्नला लॅबच्या खिडकीतून त्याने बाटली माझ्या हातात दिली. हातमोज्यातूनही गरम लागत होती. "साहेब, उतेकरभाऊ बोलले लगेच बघायला," म्हणाला आणि पळत परत गेला. मी आवक रजिस्टरला वेळ लिहिली, आणणाऱ्याचं नाव लिहिलं. दोन वाजून दहा मिनिटांनी झाकणाची गास्केट फाटली आणि उकळता माल बाहेर आला. दत्ता तेव्हा वरच्या फळीवर हाताने पाणी सोडत होता. मुंबईला नेताना वाटेत गेला.

चौकशी लागली. कंपनीचं म्हणणं असं, की यंत्रणा ठीक होती. दत्ता जेवून झोपला, पाण्याचा व्हॉल्व उघडायचा राहिला. पडद्याच्या संगणकातली रेघ वीज गेल्यामुळे पुसली गेली, असं सांगण्यात आलं. उरलं उतेकरचं लॉगशीट. मॅनेजरने त्याला बोलावून कोरं शीट पुढे केलं. "हे फेअर करून द्या. दोनपर्यंत ऐंशी."

"हे फेअरच हाय," उतेकर म्हणाला.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले होते, अगदीच वाईट माणूस नव्हता. कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही सातआठ जण. उतेकरने शीट पुढे ठेवलं आणि आकड्यावर आकडा वाचून दाखवला. शेवटी म्हणाला, "दत्ता झोपला नव्हता. मी त्याला सॅम्पल घेऊन लॅबला पाठवलेला." अधिकाऱ्यांनी विचारलं, "तो लॅबला पोचला?" उतेकर म्हणाला, "ते मी बगितलेलं नाय. लॅबनं सांगायचं." आणि माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हणालो, "माझ्याकडे अशी नोंद नाही."

चार शब्द. तोवर मी नवीन रजिस्टर सुरू केलं होतं आणि जुनं रेकॉर्डात पाठवलं होतं, म्हणजे शब्दशः ते खरंच होतं. मी असं का केलं, तर माझा मुलगा त्याच महिन्यात कंपनीत ट्रेनी म्हणून लागला होता. निदान इतकी वर्षं मी स्वतःला आणि बायकोला हेच सांगत आलो.

मग मॅनेजर हसून म्हणाला, "सर, आमचे उतेकर जरा वेगळे आहेत. त्यांना रेघेत ग्रह दिसतात. आम्ही शालसुद्धा दिली आहे." खोलीत हशा पिकला. अधिकारीही हसले. त्यांनी उतेकरला विचारलं, खरं का हे? उतेकर म्हणाला, "दोन खाचा दिसल्यात. तिसरी यायची हाय." पुन्हा हशा. माझ्या त्या माइकवरच्या भाषणाचा असा उपयोग झाला. निकालात लिहिलं गेलं, की मृत कामगार कामाच्या वेळी झोपला होता, आणि पॅनेल ऑपरेटरच्या नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत.

ऋतुजाला शाळेत पोरं 'झोपाळू' म्हणून हाक मारायला लागली. महिनाभर ती शाळेत गेलीच नाही. उतेकरने त्या आठवड्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी त्याने शिफ्टची सोळा रीडिंगं भरली, वहीत उतरवली, पेन खिशाला लावलं आणि गेला. लॅबच्या खिडकीवरून जाताना थांबला नाही.

पुढची वर्षं त्याच्या ग्रहाच्या गतीने गेली. दोन हजार वीसच्या पावसाळ्यात तिसरी खाच पडायची होती. तेव्हा सगळं जग कुलूपबंद होतं आणि मोठमोठ्या दुर्बिणींवर माणसंच नव्हती. ग्रह आला, अठरा तास ताऱ्यासमोर राहिला आणि गेला. कुणी पाहिलं नाही. म्हणजे आणखी पावणेचार वर्षं. एकवीसच्या पावसात महाडला पूर आला, आणि आमच्या शहराची अशी एक सोय झाली की जे जे नको होतं ते पुरात गेलं असं सांगता येऊ लागलं. कंपनीचं जुनं रेकॉर्ड बाजारपेठेतल्या गोदामात होतं, ते गेलं. माझं ते रजिस्टरही गेलं. मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं. त्याच वर्षी उतेकरची आई वारली. मी गेलो नाही.

तो वर कुडपणला शेती करत होता. भात, नाचणी, थोडी वरी. गावात रेंज नाही. पठाराच्या टोकाला एक कातळ आहे, तिथे फोन लागतो. आठवड्यातून एकदा तो तिथे जाऊन परदेशातल्या बाईंचं काही आलंय का बघायचा. चोवीस साली खाच पडायची वेळ आली तेव्हा तीन देशांतल्या दुर्बिणी पाळीने बसल्या, एकीकडे उजाडलं की दुसरीने पुढे घ्यायचं. उतेकरने त्यांना लिहिलं होतं, हँडओव्हरच्या वेळी दोन्हीकडचं रीडिंग जुळतं का ते बघा. त्यांनी बघितलं. जुळलं. तिसरी खाच आली, तेवढीच खोल, तेवढीच लांब. त्याने काढलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं उशिरा. ती वीस मिनिटं त्याने स्वतःची चूक म्हणून वहीत लिहून ठेवली.

मागल्या वर्षी शोधनिबंध छापून आला. नावांसमोर विद्यापीठं, वेधशाळा. सतराव्या नावासमोर नुसतं 'कुडपण, पोलादपूर'. वर्तमानपत्रात चौकट आली आणि कंपनीतून मला फोन आला. मला तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मॅनेजर आता डायरेक्टर आहे. म्हणाला, उतेकर आपलाच माणूस, दसऱ्याला मोठा सत्कार करू, पत्रकार बोलावू, तुम्ही त्यांना घेऊन या, तुमचं ते ऐकतील. मी हो म्हणालो. मुलगा अजून तिथेच आहे.

शोधनिबंधाची प्रत आणि निमंत्रणपत्रिका घेऊन मी वर गेलो. उतेकर बांधाचे ढासळलेले दगड परत रचत होता. केस पांढरे झालेले, वरचं बटण लावलेलं. "या साहेब," म्हणाला, हात धुतले, ओट्यावर चटई टाकली. बायकोने कोरा चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. त्याने निबंध चाळला, आकृतीपाशी थांबला, करंगळीचं नख त्या खाचेवरून फिरवलं, कागदाला न लावता. मग पत्रिका वाचली आणि माझ्या बाजूला सरकवली.

"शाल हाय माझ्याकडं एक."

आत जाऊन एक वही घेऊन आला. पान काढायला त्याला शोधावं लागलं नाही. त्या दिवसाची सगळी रीडिंगं त्याच्या गोल अक्षरात होती, फोनच्या वेळा होत्या, आणि शेरा म्हणून एक ओळ: 'दत्ता सॅम्पल घेऊन लॅबकडे गेला. लॅबला पोचल्याची वेळ:' पुढे कोरं. सहा वर्षं कोरं.

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं तो पोचला असणार. भरून टाकायचं होतं."

"मी बगितलेलं नाय," उतेकर म्हणाला. "तुमी बगितलंय. ऋतुजा बारावीला हाय आता. तिला दाखवायचंय, तिचा बाप झोपला नव्हता."

त्याने खिशाचं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. आता माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं, आणि या सहीने कुठला निकालही बदलणार नव्हता. मी लिहिलं, एक पंचावन्न. खाली सही केली.

"तारीख आजची घाला, साहेब. वेळ पण." त्याने घड्याळ बघून सांगितलं, "अकरा वीस." मी घातली. मग त्याने वही स्वतःकडे फिरवून त्यासमोर 'उशिरा नोंद' असं लिहिलं आणि परत माझ्याकडे फिरवली. "कारण पण लिवायचं असतं."

मी लिहिलं, 'मुलाची नोकरी'. त्याने वाचलं. वही मात्र घेतली नाही. यंत्राची खोड कुठली आणि खरोखर घडलेलं कुठलं, हे ओळखणाऱ्या माणसासमोर मी बसलो होतो. मग मी त्या शब्दांवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे जे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं ते लिहिलं: 'बाटली टेबलावर ठेवून जेवायला गेलो होतो.'

उतेकरने ते एकदा वाचलं. वर पाहिलं नाही. शाई वाळेपर्यंत वही उघडी धरून बसला, मग काखेत मारली, ओट्याखालच्या चपला पायात सरकवल्या आणि ऋतुजाला पानाचा फोटो पाठवायला कातळाकडे चालायला लागला. माझा चहा तसाच होता. त्याची पाठ पठाराच्या टोकापर्यंत दिसत होती तोवर मी बघत राहिलो. तो कातळावर चढला, फोन वर धरला आणि रेंज यायची वाट बघत उभा राहिला.